झबल्याखालचा हात

फ्रान्समधल्या या जेमतेम सव्वाशे उंबऱ्यांच्या वेर्नाक गावात चर्चमागं एक दगडी कुंड आहे. झऱ्याचं पाणी, भर उन्हाळ्यातही हात बधिर होईल असं गार. मूल आजारी पडलं की आई त्याचं झबलं या पाण्यावर पसरते आणि खालून तळहात लावून धरून ठेवते. आम्ही इथं राहायला आलो आणि मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीच उमजेना. झबलं तरंगतं का बुडतं यावर कौल लावायचा, आणि वर आपणच धरायचं? मग शेजारच्या ओडेट आजींनी सांगितलं आणि आमच्या ह्यांनी मला मराठीत करून दिलं, ते असं.

फार पूर्वी झबलं नुसतं सोडायचे म्हणे. तरंगलं तर मूल जगणार, बुडालं तर नाही. कौल बघायची बेर्त नावाची म्हातारी परटीण. तिनं 'बुडालं' म्हटलं की आई घरी जाऊन रडत बसायची, काढा पाजायचंसुद्धा थांबवायची.

मार्सेलीनचं नऊ महिन्यांचं पोर तापानं फणफणलं. पोर सासूपाशी ठेवून ती कुंडावर आली, झबलं सोडलं. आधी एक बाही बुडाली, मग दुसरी. बेर्त तोंड उघडणार, तोच मार्सेलीननं हात खाली घातला आणि झबलं वर धरलं.

"अगं, ही लबाडी झाली!" धुणं धुणाऱ्या बायका ओरडल्या. "पाण्याला फसवतेस होय?"

"फसू दे की. त्याचं काय जातंय?"

हात निळा पडला. कुणी सांगतात ती तीन दिवस तशीच होती. आजी म्हणतात, छे, अर्धाच दिवस. खरं कुठलं, देव जाणे. शेवटी हात खाली जायला लागला, तेव्हा बेर्त उठली. तिच्या स्वतःच्या लेकीचं झबलं याच कुंडात बुडालेलं. तिनं आपला हात मार्सेलीनच्या हाताखाली घातला.

"मला तेव्हा सुचलं नाही गं," एवढंच म्हणाली.

चर्चच्या संध्याकाळच्या घंटेला पोराचा ताप उतरला, असं सांगतात.

आजही इथल्या आया झबलं धरतात. डॉक्टरांचं औषध चालू असतंच, तरी धरतात. एकीचा हात दुखला की शेजारीण आपला लावते.

मी आजींना विचारलं, "पण हात काढला तर? तरंगतं का बुडतं?"

आजींनी खांदे उडवले. "कुणाला माहीत, पोरी? त्या दिवसापासून कुणी काढूनच बघितला नाही."