हरिणी थांबली तेव्हा

सागाच्या एका रानात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. मुलांनो, भित्री म्हणजे किती भित्री असावी! पान पडले की ही पळाली, फांदी हलली की ही पळाली. आपण कशाला पळालो, हे मागे वळून बघायची तिला सवयच नव्हती. झाडावरचा वानर तिला रोज चिडवायचा, "काय हरिणीबाई, आज कोणतं पान मागे लागलंय?"

उन्हाळा आला. ओढे आटले आणि रानात एकच डोह उरला. हरिणी दोन दिवस डोहाकडे निघाली आणि दोन्ही दिवस अर्ध्या वाटेतून माघारी पळाली. पाडसाची जीभ कोरडी पडली. तिसऱ्या सकाळी ती पुन्हा निघाली. वाटेत पाचोळा सळसळला, तशी तिने उडी मारलीच. पण पाडस मटकन खाली बसले. "आई, मला नाही गं पळवत," ते म्हणाले. आता लेकराला टाकून कुठे जाणार? थरथरत का होईना, ती उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा तिने मागे वळून नीट पाहिले. पाचोळ्यातून एक सरडा निघाला आणि तुरुतुरु निघून गेला. "अगं बाई, एवढंच होय!" पुढे वेळूच्या सावलीला ती दचकली, तेव्हाही थांबली, पाहिले, आणि छातीतली धडधड आपोआप निवली.

डोह दिसला. पाणी निवांत, वारा पडलेला, कुठे खुट्ट नाही. पाडस पुढे धावणार तोच हरिणी म्हणाली, "थांब." या वेळी तिची छाती धडधडत नव्हती, पाय पळायला उठले नव्हते. आतून एवढेच येत होते, 'आत्ता नको.' ती पाहत राहिली. सरडा नाही, सावली नाही. तरी ते 'नको' काही जाईना. मग तिच्या ध्यानात आले, एरवी काठावर चरणाऱ्या पाणकोंबड्यांपैकी आज एकही तिथे नव्हती.

"लेकरू तहानेने मरेल, आणि तुझं आपलं तेच!" डोहाकाठच्या झाडावरून वानर ओरडला. हरिणीला ते फार लागले. पाडसाकडे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती हलली नाही. "भित्री ती भित्रीच!" असे म्हणत वानर ऐटीत खाली उतरला. त्याने पाण्याला तोंड लावले न लावले तोच लव्हाळ्यातून बिबट्याने झेप घेतली! शेपटीचा गोंडा तिथेच सोडून वानर कसाबसा झाडावर चढला. शिकार हुकली आणि सगळ्या रानाला पत्ता लागला, तेव्हा बिबट्या मुकाट्याने टेकडीपलीकडे निघून गेला.

थोड्या वेळाने पाणकोंबड्या परतल्या. हरिणीने पुन्हा मनाला विचारून पाहिले. आता ते काही अडवीना. पाडस पोटभर पाणी प्यायले. वानराने वरूनच विचारले, "तुला तो दिसला होता का गं?"

"नाही रे बाबा," हरिणी म्हणाली. "पण नुसती भीती असती, तर थांबून बघितल्यावर गेली असती. हे 'नको' काही गेलं नाही."

तात्पर्य : मन कचरले तर पळण्याआधी थांबून नीट पाहावे, पाहताच विरते ती भीती, आणि पाहूनही टिकते ती अंतर्मनाची सूचना.