लग्नाला गेलेलं किडुकमिडुक

'किडुकमिडुक' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. ज्याला दागिने म्हणायला मालकीणच संकोचते, पण जे मोडायला तिचा हात धजत नाही, असं बारीकसारीक सोनं म्हणजे किडुकमिडुक. शब्द कुठून आला ते पंडितांना विचारा. मला ठाऊक आहे ती एका कोष्टिणीची गोष्ट.

तिचं नाव गोजराबाई. तिचं सगळं किडुकमिडुक कुंकवाच्या करंड्यात मावे: बुगड्यांचा जोड, एक नथ आणि विरळ मण्यांची ठुशी. पण गावात गरिबाघरी लग्न निघालं, की करंडा त्या घरी जाई. नवरी नटे, सासरी निघताना उतरवून देई.

गोजराबाईच्या लेकीची, सुंदराची, दोन स्थळं 'घरात काही दिसत नाही' म्हणून फिरली होती. तिसरं फार चांगलं होतं. मुलाच्या आईचा, सगुणाबाईंचा, निरोप आला, "उद्या मुलगी बघायला येतो." आणि उद्याच कुंभाराच्या बायजाचं लग्न होतं. करंडा तिकडे पोहोचलाही होता.

नवरा कळवळला. "अगं, घटकाभर मागून आण. हेही स्थळ जाईल."

"हळद लागलेल्या पोरीचे कान ओके करू? शब्द दिलाय मी." गोजराबाई बोलली खरी, पण तेच भय तिलाही होतं. तरी ती हलली नाही. काय बाई होती!

दुसऱ्या दिवशी सुंदरा तशीच पाटावर बसली. सगुणाबाईंनी विचारलं, "पोरीच्या अंगावर काहीच नाही?"

"आहे की. पण ते आज कुंभाराघरी लग्नाला गेलंय."

सगुणाबाईंना ही थाप वाटली. त्या तडक उठून कुंभाराच्या मांडवात गेल्या. बायजा बोहल्यावर उभी होती, नथ सावरत.

"कुणाचं हो हे सोनं?" त्यांनी एकीला विचारलं.

"गोजराकाकूंचं. माझ्याही लग्नात हेच होतं."

"माझ्याही," मागची म्हणाली. "आणि माझ्या दोन्ही बहिणींच्या."

सगुणाबाई परतल्या तेव्हा गोजराबाई रडू आवरत दारात उभी होती.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "पण एक अट. आमचं सोनं ती मागाहून घालेल. बोहल्यावर मात्र तिच्या अंगावर तुमचं किडुकमिडुकच हवं."

तात्पर्य: दिलेला शब्द पाळणाऱ्या घराचं किडुकमिडुकही साऱ्या गावाला पुरतं, आणि अशा घरची लेक ओक्या गळ्यानेही श्रीमंत दिसते.