वळवाची परी आणि आंबट पाणी

धुराच्या पोटात एक गाव होतं. तिथे आठ वर्षांची सगुणी राहायची. आई भट्टीवर विटा थापायची, सगुणी त्या उचलायची. इवल्या तळहातांवर फोड आले होते. पाळण्यातला भाऊ, गोंद्या, खोकून खोकून निळा पडायचा. मोठी माणसं म्हणायची, "धूर आहे म्हणून भाकरी आहे." त्यांचं काय जातंय? खोकायला पोरं होतीच की!

वैशाखातल्या एका दुपारी आभाळ शाईसारखं काळं झालं. सगुणी घाबरून बहाव्याखाली बसली. तेवढ्यात पिवळ्याधमक फुलांच्या झुंबरातून एक चिमुकली परी उतरली. जांभळे पंख, केसांत गारांचे मोती, बोटांवर विजेच्या ठिणग्या!

"भिऊ नकोस गं. एक इच्छा माग."

"माझ्या गोंद्याला श्वास दे."

"देते. सगळी हवा धुऊन काढते. पण धूर जाईल कुठे? पाण्यातच उतरेल. माझी वीजही त्यात आंबट कालवते. पहिल्या सरीचा थेंब कुणाच्या ओठाला लागला, तर धूर परत वर चढेल. मग मी पुन्हा यायची नाही."

कडाड्! पत्रे थरथरले. सर कोसळली. सगुणी घराकडे धावली आणि थिजलीच. दारोदारी तांब्याची भांडी मांडलेली! वळवाचं पहिलं पाणी तान्ह्याला चाटवलं की वर्षभर दुखणं येत नाही, अशी गावाची रीत.

"ओता ते! आंबट आहे!" सगुणी एकेक भांडं लाथाडत सुटली.

"शेंबूड पुसता येत नाही, आणि चालली आम्हाला शिकवायला!" भिवाआबा गरजले. गावातले सगळ्यात मोठे. त्यांनी उरलेल्या शेवटच्या भांड्यातून पळी भरून गोंद्याच्या ओठांशी नेली. आई बाजूला गप्प उभी. मोठ्यांपुढे बोलायचं नसतं ना!

सगुणीनं गोंद्याच्या तोंडावर तळहात धरला. पाणी फुटलेल्या फोडांवर सांडलं. आग आग झाली.

"हात काढ, कार्टे!" आबांची थप्पड बसली.

"नाही काढणार!"

आभाळ पुन्हा फाटलं. सगुणीनं डोळे मिटले, पण हात हलवला नाही.

मग दुसरी सर आली. गार, गोड, लखलखती. परीनं सगुणीच्या तळव्यावर हळूच फुंकर घातली. फोड विरून गेले.

"शाब्बास, छकुले," ती म्हणाली, आणि पांढऱ्याशुभ्र उजेडात मिसळून गेली.

गोंद्यानं छाती भरून श्वास घेतला. आबांनी माफी मागितली का? छे.

पण धूर उतरला होता. शेताच्या पलीकडे एक निळानिळा डोंगर उभा होता. गोंद्या त्याच्याकडे बघून खुदकन हसला. डोंगर काही आज आला नव्हता. एकाही मोठ्या माणसानं पोरांना कधी सांगितलंच नव्हतं.