अक्रोडांचे दोन रांजण

फार पूर्वी तुर्कस्तानातल्या एका डोंगराळ गावाची एक रीत होती. दर वर्षी सुगी संपली की चौकात दोन उमेदवारांचे दोन रांजण मांडायचे आणि वर घोंगडी टाकायची. घोंगडीखाली हात घालून घरटी एकाने पसंतीच्या रांजणात अक्रोड टाकायचा. ज्याचे अक्रोड जास्त, तो वर्षभर गावप्रमुख.

एका वर्षी एक पाववाला उभा राहिला. चौकातल्या चहावालीने त्याच्यासाठी घसा कोरडा केला. तो निवडून आला आणि कामही झकास केलं हो! ओढ्यावर पूल बांधला, चौकात पाणी आणलं. लोक इतके खूश, की पुढच्या सुगीला म्हणाले, "कशाला ते रांजण? राहू दे यालाच!" चहावालीनेही मान डोलावली. इथेच सगळं फसलं.

चार वर्षं रांजण बाहेर निघाले नाहीत. पाववाल्याच्या डोक्यात हवा शिरली. विरुद्ध बोलेल त्याच्या दुकानाला कुलूप! पुलाला भेग पडल्याचं सांगणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींना तर त्याने गावाबाहेर काढलं. चहावालीचं डोकंच फिरलं.

"रांजण मांडा," ती म्हणाली. "एक तुझा, एक गुरुजींचा."

"मांडू की," पाववाला हसला. "पण घोंगडी नको. कोण कुठे टाकतं ते मला बघायचंय. तुझा अक्रोड तिकडे पडला, तर टपरी गेली समज!"

टपरी हेच तिचं पोट. चौकात सगळे माना खाली घालून उभे. तरी ती पुढे झाली आणि तिने अक्रोड डोक्यावर उंच धरला.

"नीट बघ रे! तुला पहिला अक्रोड मीच दिला होता. घाबरून नाही, मर्जीने दिला होता. आज मर्जीनेच तिकडे टाकतेय. लाव कुलूप!"

अक्रोड गुरुजींच्या रांजणात पडला. मग विणकर आला, धनगर आला, रांगच लागली. इतकी कुलपं लावायला माणसं आणायची कुठून? पाववाल्याला खुर्ची सोडावी लागली.

लोकांनी गुरुजींना गावात परत आणून खांद्यावर घेतलं. "गुरुजी, आता तुम्हीच कायमचे!"

"गप्प बसा मेल्यांनो!" चहावाली कडाडली. "पुढच्या सुगीला रांजण निघणार. घोंगडीसकट!"

मग तिने कोपऱ्यात बसलेल्या पाववाल्यापुढे चहा ठेवला. "तुलाही उभं राहायचं तर राहा खुशाल. अक्रोड टाकायचा की नाही, ते आम्ही बघू."

तात्पर्य: माणूस कितीही आवडता असो, त्याला निवडायचा आणि उतरवायचा हक्क लाडापायी सोडू नये, आणि सुटलाच, तर भर चौकात परत मागावा.