कोरडा डबा

"मग अनुभव आणायचा कुठून, अण्णा? दुकानात मिळतो का?"

शार्दूल मगदूम चांगलाच चिडला होता. सांगलीचा पोरगा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वर्गात पहिला, ड्रोन उडवण्यात गावात त्याचा हात धरणारा कुणी नाही. समुद्राखाली काम करणाऱ्या रोबोंचा तंत्रज्ञ व्हायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ज्या कंपनीत जावं तिथे एकच उत्तर मिळे. आधी अनुभव आणा.

आणि अनुभव द्यायला कुणी तयार नाही! शेवटी तो अण्णांकडे शिकायला आला होता.

अण्णा जुवाटकर देवगडच्या धक्क्यावर उकिडवे बसून रोबोची केबल पुसत होते. तेलविहिरींवर जाणाऱ्या जहाजांवर अशी यंत्रं चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेला एक छोटा रोबो त्यांनी घरी आणला आणि चालता केला. त्याला ते गोदाक्का म्हणत. का म्हणत, ते बायकोने एकदाच विचारलं होतं. नंतर नाही विचारलं.

"सांगा की, अण्णा."

"बादली आण. गोड्या पाण्याची."

"मी टेक्निशियन व्हायला आलोय. केबल धुवायला नाही."

"बरं… मी धुतो. तू बस."

म्हातारा माणूस धुतोय आणि आपण नुसते बसलोय, हे त्या पोराला कुठलं जमायला! त्याने बादली आणली. आदळली, पण आणली.

असे बरेच दिवस गेले. केबल धुवायची, गुंडाळायची, परत सोडायची. शिकवणं म्हणावं असं अण्णांनी एकदाच काहीतरी केलं.

रोबोचा कॅमेरा एका डब्यात असतो. डब्याच्या तोंडावर रबराची बारीक कडी, तिला ओ-रिंग म्हणतात. पाण्याला बाहेर थोपवून धरते ती एवढीच कडी. अण्णांनी एक रिकामा डबा घेतला, शार्दूलच्या डोक्यावरचा एक केस उपटला आणि कडीवर ठेवला.

"आई गं! सांगायचं तरी…"

अण्णांनी झाकण आवळलं आणि डबा बादलीत बुडवून ते धक्क्यालगतच्या घरात जेवायला निघून गेले. जेवून आल्यावर डबा उघडला. आत पाणी.

"केस कुणाचा?"

"माझा."

"हां."

झाला धडा.

मग एका सकाळी टिपणीस साहेब आले. अण्णांच्या जुन्या जहाजावर रोबोंचं खातं त्यांच्याकडे होतं. जहाज सोमवारी सुटणार होतं आणि एका नवशिक्या तंत्रज्ञाची जागा रिकामी होती. अण्णांनी एखाद्याला हो म्हटलं, की टिपणीस पुढे काही विचारत नसत. नाही म्हटलं, तर शार्दूलला सांगलीत दाजींच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात बसावं लागणार होतं. दाजींनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्या खुर्चीचा फोटो बहिणीने पाठवला, तेव्हा शार्दूलने फोन पालथा घालून ठेवला होता.

"गोदाक्काला तयार कर," अण्णा म्हणाले.

शार्दूलने डबा पुसला, कडीला ग्रीस लावलं… आणि फोन वाजला. आई होती.

"हो, साहेब आलेत! अगं हो, खाल्लंय की! ठेव आता, लई गडबड हाय."

फोन खिशात घातला, झाकण लावलं, स्क्रू आवळले. गोदाक्का पाण्यात उतरली.

खाली सगळं झकास चाललं होतं. शार्दूलने जॉयस्टिक अशी काही फिरवली, की गोदाक्का धक्क्याच्या खांबाभोवती अंगणात फिरावं तशी फिरली. मॉनिटरवर खांबाला चिकटलेली कालवं दिसली, एक खेकडा दिसला, तो कॅमेऱ्याकडे बघून नांगी उगारून उभा राहिला. टिपणीस हसले.

"वा! हात चांगला आहे हो पोराचा."

शार्दूलची छाती फुगली.

आणि तशीच अडकली.

"काय रे?" टिपणिसांनी विचारलं.

"साहेब… झाकण लावायच्या आधी केस-कण बघायला कडीवरून बोट फिरवलं की नाही, आठवत नाही."

टिपणीस मॉनिटरवर वाकले. "पाणी शिरलं तर इथे लाल दिवा लागतो. लागलाय?"

"नाही."

"चित्र स्वच्छ आहे?"

"हो."

"मग चालू दे की."

शार्दूलने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खाडीकडे पाहत होते.

"अण्णा…"

"मला काय विचारतोस? जॉयस्टिक कुणाच्या हातात आहे?"

…

"वर घेतो," शार्दूल म्हणाला.

टिपणिसांच्या कपाळाला आठी पडली. "भर समुद्रात असं मध्येच वर घेतलंस, तर सगळ्या जहाजाचं काम अडतं. कप्तान सर्वांसमोर झाडतो. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तरी घेशील?"

दाजींची खुर्ची शार्दूलला अगदी समोर दिसत असणार.

"घेईन की."

गोदाक्का वर आली. शार्दूलने तिला पुसलं, डबा सोडवला, झाकण उघडलं.

आत थेंबही नव्हता.

टिपणिसांनी खिशातला पांढरा रुमाल काढून आतून फिरवला. कोरडा. कडी काढून उजेडात धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. केस नाही, कण नाही. पोराने काम चोख केलं होतं, करून विसरला होता एवढंच.

शार्दूलचे कान लाल झाले. वर्गात पहिला आलेल्या माणसाचं असं हसं व्हावं, तेही नेमकं आज!

"माफ करा, साहेब. उगीच खोळंबा केला."

एवढं बोलून त्याने बादली उचलली आणि तो केबल धुवायला बसला. या खेपेला बादली आदळली नाही. तिच्यावर राग काढण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं बिचाऱ्यात.

अण्णा उठले. गुडघे दाबत घराच्या दिशेला तोंड करून बायकोला ओरडून म्हणाले,

"गो, पानां वाढ! सुरमयची मोठी तुकडी ह्या पोराक!"

मग टिपणिसांकडे वळले.

"सोमवारी घेऊन जा ह्याला."

शार्दूलच्या हातातली केबल तशीच राहिली. टिपणीसही जरा बुचकळ्यात पडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अण्णांना उलट विचारलं.

"नेतो. तुम्ही म्हणताय म्हणजे नेतोच. पण अण्णा… बिघाड तर काहीच नव्हता."

अण्णा हसले.

"बिघाड असता, तर कुणीही वर घेतलं असतं."