मोठ्या मापाच्या बांगड्या

"नवऱ्यासमोर विचारलंस, की एकटीला?"

गोदाक्कांनी हे विचारलं तेव्हा ऋजुताने हातातला पेढ्यांचा पुडा अजून खालीही ठेवला नव्हता.

मोडते संसार ऐकण्यात गोदाक्कांचा जन्म गेला. गुडघे गेले तेव्हा त्यांनी तालुक्याचं समुपदेशन केंद्र ऋजुताच्या हाती दिलं. ऋजुता शिकलेली, गोड बोलणारी. हिच्याकडे आलेलं जोडपं मोडत नाही, असं लोक म्हणत. ती स्वतः जरा जास्तच म्हणे.

"दोघांना समोरासमोर बसवलं, अक्का. तसंच शिकवतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलायचं."

"कोण बोललं?"

"तो बोलला. रडलासुद्धा. सासूने पदर पसरला."

"आणि सारिका?"

"ती... 'जाते' म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच तर हवं होतं ना!"

अक्कांनी पेढा घेतला नाही.

"बांगड्या भरल्यास?"

"भरल्या तर! हिरवा चुडा. मीही दोन भरून घेतल्या हौसेने. केंद्राची रीत तुम्हीच घातलेली."

"कशासाठी घातली, विचारलंस कधी?"

"शकुन म्हणून. दुसरं काय?"

"भरताना नवऱ्याला बाहेर बसवलंस?"

"कशाला? त्यानेच तर तिचा हात धरून कासारणीपुढे केला. सगळे हसले." ऋजुता पुन्हा हसली. "नेहमीच्या मापाच्या चढेनात. कासारीण म्हणाली, मनगट सुजलंय. म्हटलं, मग मोठ्या मापाच्या भर की बाई! दारात सासरची जीप उभी, आणि ही मापं काढत बसलेली."

अक्कांची नजर ऋजुताच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवर गेली.

म्हणाल्या, "इकडे ये. माझ्याजवळ बस."

ऋजुता खेटून बसली. शाबासकी मिळणार वाटलं असेल. शिकलेल्यांना ती लागतेच. अक्कांनी तिचं मनगट धरलं, वर आपला पदर टाकला आणि आवळलं. हात म्हातारीचा, पण जात्यावर घडलेला.

तेवढ्यात शेजारची पारूवहिनी वाटी घेऊन विरजण मागायला आली.

"अगंबाई, ऋजुताताई! बऱ्या आहात ना?"

पदराखाली बांगडी कट्कन मोडली.

"हो हो, वहिनी. छान आहे."

"मग तोंड का असं उतरलंय?"

"उन्हातून आले ना..."

"अक्कांनी किती मायेने जवळ घेतलंय बघा! आमच्या सासूने कधी घेतलं नाही." वहिनी आत गेली, वाटीत विरजण घेतलं, हसत निघून गेली.

अक्कांनी हात सोडला. काच मनगटात रुतली होती.

"अक्का, किती दुखलं!"

"मग वहिनीला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जवळ असताना कसं सांग..."

ऋजुताने मनगटाकडे बघितलं. मग दाराकडे.

पेढ्यांवर माशी बसली. कुणी हाकलली नाही.

अक्का भिंतीला धरून उठल्या, चाचपडत काठी घेतली.

"जीप कुठवर गेली असेल गं?"