शुक्रवारचं मौन

ऐका, थोरांनो आणि लहानग्यांनो. ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या खाडीकाठी ती घडली, त्या खाडीनं तेव्हापासून आपली वाट बदलली आहे.

त्या खाडीच्या वर, टेकडीवर, विणकरांचं एक गाव होतं. गावाच्या मधोमध क्रूस असलेलं दगडी देऊळ होतं. तिथल्या बायका पांढरं लुगडं नेसत, पदर कपाळापर्यंत ओढत आणि हलक्या आवाजात बोलत. सोनं कुणी अंगाला लावत नसे. "देवाला नटणं नको, मन हवं," हे तिथल्या परकऱ्या पोरींनाही पाठ होतं.

त्या गावात एक विधवा राहत होती. शालीनतेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा चढलेला आवाज शेजारणीनंही कधी ऐकला नव्हता. आया आपल्या मुलींना सांगत, "चालावं तर तिच्यासारखं, बोलावं तर तिच्यासारखं." हे शब्द कानी पडले की विधवा मान आणखी खाली घाली. मात्र ते कानी पडावेत म्हणून आपण पाणवठ्यावर जरा जास्तच रेंगाळतो, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा गलबतावर कामाला होता. त्यानं बायको केली ती खालच्या मिठागरांतली.

मिठागरांत बायका एकमेकींपासून लांब लांब उभ्या राहून काम करतात. भरतीचं पाणी बांधाला लागलं, की एकीनं दुसरीला हाक द्यायची, दुसरीनं तिसरीला. तिथं पुटपुटणारीचा काय उपयोग? सुनेचा आवाज असा खणखणीत, की तिनं विहिरीवरून हाक मारली तर मागावर बसलेली माणसं धोटा थांबवून वर बघत. ती हसली की कौलांवरची कबुतरं उडत. नेसायला तांबडं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर.

पाणवठ्यावर बायकांना विषय मिळाला.

"काय गं, सुनेच्या गळ्यात घंटा बांधून आणलीस का?" एकीनं विचारलं.

"बरंच झालं की!" दुसरी म्हणाली. "देवळाची घंटा तडकलीय. तिच्या जागी हिलाच टांगू."

विधवेनं घागर भरली आणि न रेंगाळता घरी आली.

सुनेवर तिचा जीव होता, हेही सांगायला हवं. मासळीतला चांगला तुकडा ती सुनेच्या ताटात वाढी. मिठाच्या पाण्यानं भेगाळलेल्या तिच्या टाचांना स्वतः तेल चोळी. त्या दिवशीही तेल चोळता चोळताच ती म्हणाली, "पोरी, माझं एक ऐकशील?"

"एक का, दहा सांगा, आत्याबाई!"

"हळू, हळू! बाईचं खरं रूप आत असतं. फूल नको, रंग नको, आवाज नको. माणसांना तू जितकी कमी दिसशील, तितकी देवाला जास्त दिसशील."

सून विचारात पडली. "मग देवानं मला हा गळा कशाला दिला?"

"झाकायला," विधवा म्हणाली.

सुनेला ते पटलं का, कोण जाणे. पण आई लहानपणीच गेलेली, आणि टाचांना तेल लावणारं दुसरं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं. तिनं तांबडं लुगडं पेटीत ठेवलं. अबोली झाडावरच सुकू लागली. हसू आलं तर ती पदर तोंडात धरी.

त्या गावची एक रीत होती. प्रभूच्या दुःखसहनाच्या शुक्रवारी पहाटेपासून पुनरुत्थानाच्या सकाळची घंटा होईपर्यंत बायकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. शुक्रवारी दिवसभर देवळात गुडघे टेकायचे. जिचं मौन सर्वांत निर्मळ, तिच्या हातून रविवारी नवी ज्योत लावायची. ती कोण, हे पुढच्या ओळीत बसणाऱ्या म्हाताऱ्या ठरवत.

त्या वर्षी सून पोटुशी होती. नववा लागला होता.

"हिला शुक्रवारी घरीच ठेव गं," शेजारीण म्हणाली. "दोन जिवांची म्हणून नाही म्हणत मी. दुपारपर्यंत ही देवळात मिठागराची हाक देईल!"

चौघी पदराआड हसल्या. विधवेच्या ते जिव्हारी लागलं.

"माझी लाज राख, पोरी," घरी येऊन ती सुनेला म्हणाली. "एवढा एक शुक्रवार. ज्योत तुझ्या हाती आली, की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"राखीन, आत्याबाई," सून म्हणाली. आता ती इतकं हळू बोले, की विधवेला पुढे वाकावं लागलं.

शुक्रवार उजाडला. देऊळ पांढऱ्या पदरांनी भरून गेलं. ऊन खिडकीपर्यंत चढलं, तेव्हा सुनेनं सासूचा पदर हलकेच ओढला. विधवेनं ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळानं पुन्हा पदर ओढला गेला. या वेळी सुनेनं सासूचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. विधवेनं स्वतः बाळंतपण सोसलं होतं. हाताला ते कळलं. पण पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी मागं वळून पाहिलं. सगळ्यांत थोरल्या म्हातारीनं सुनेकडे निरखून पाहिलं आणि कौतुकानं मान डोलावली.

विधवेनं हात काढून घेतला. संध्याकाळ काही फार दूर नाही, असं तिनं मनाला सांगितलं. पहिलटकरणीला वेळ लागतोच.

त्यानंतर पदर ओढला गेला नाही. 'शिकली माझी पोर,' विधवेला वाटलं, आणि तिनं डोळे मिटून देवाचे आभार मानले.

उन्हं कलली. बायका उठल्या. सून उठली नाही. तिच्या दातांत पदराचा बोळा होता आणि पांढरं लुगडं गुडघ्यापासून लाल झालं होतं.

तिला उचलून घरी नेलं. सुईण धावत आली. दारात बायका मुक्यानं उभ्या होत्या. सुईण ओरडली, "मौन गेलं खड्ड्यात! कुणीतरी पाणी तापवा!"

मुलगा झाला. नाक-डोळे रेखीव, डोक्यावर दाट जावळ. तो रडला नाही. सुईणीनं त्याला उलटं धरलं, चोळलं, तोंडात फुंकर घातली. मग तिनं त्याला फडक्यात गुंडाळलं.

"सकाळी एक हाक मारायची होती गं," ती विधवेला म्हणाली. "एक हाक. पोर हाती लागलं असतं."

शनिवारी देवळामागं इवलासा खड्डा खणला गेला. सून वाचली. ती अंथरुणावर पडून कौलांकडे बघत होती. विधवा तिच्या उशाशी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतः मौन मोडलं.

"बोल गं बाई. रड. मला शिव्या दे, पण काहीतरी बोल."

सुनेनं मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

रविवारी पहाटे तडकलेली घंटा वाजली. सुनेनं सासूकडे तोंड वळवलं. आवाज खोल गेलेला, खरखरीत.

"आत्याबाई, मी एक शब्दही काढला नाही. राखली ना तुमची लाज?"

त्या डोळ्यांत राग नव्हता. त्यात आशा होती, शाबासकीची. रागाला विधवेनं काही उत्तर तरी दिलं असतं.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. म्हाताऱ्या ज्योतीची मेणबत्ती घेऊन आल्या होत्या. मागून धर्मगुरू काठी टेकत येत होते.

"मरणाच्या दारी गेली, पण हूं की चूं केलं नाही," थोरली म्हातारी म्हणाली. "अशी शालीन बाई या गावानं पाहिली नव्हती. ज्योत तुझ्या सुनेची. आणि मान तुझा, तू घडवलंस तिला."

"आम्हाला नको," विधवा म्हणाली.

"बघा, किती ही नम्रता!" म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या.

"नम्रता नाही ही!"

विधवेचा आवाज असा फुटला, की शेजारपाजारची दारं उघडली. "तिनं दोनदा माझा पदर ओढला. माझ्या हाताला कळलं होतं. तुम्ही बघत होतात, म्हणून मी हात काढून घेतला. तुमच्या माना डोलाव्यात म्हणून नातवाला पुरलं मी!"

थोरल्या म्हातारीनं मेणबत्ती खाली ठेवली. धर्मगुरू उंबऱ्यावरच टेकले.

"त्या शुक्रवारी प्रभूनं स्वतः क्रूसावरून मोठ्यानं हाक मारली होती," ते म्हणाले. "त्याच्या पायाशी बायका रडत होत्या, त्यानं एकीलाही गप्प केलं नाही. मी दरवर्षी हे तुम्हाला वाचून दाखवतो आणि दरवर्षी तुम्हाला गप्प बसवतो. माझ्या कधी ध्यानातच आलं नाही."

ती रीत त्या वर्षी मोडली. पुढच्या दुःखसहनाच्या शुक्रवारी त्या देवळात बायका मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. कुणी रडलं तर शेजारीण तिचा हात धरून बसे. गावाचं भलं झालं.

पण रीत मोडल्यानं गेलेलं पोर परत येत नाही. नवरा गलबतावरून आला तेव्हा सुनेनं त्याला सगळं सांगितलं, आणि त्याला प्रत्येक शब्द दोनदा विचारावा लागला. तिचा गळा शाबूत होता. आवाज मात्र तिला कुठं सापडेना. "जरा मोठ्यानं बोल गं," विधवा विनवी. सून समजुतीनं हसे आणि म्हणे, "बोलतेय की, आत्याबाई." विधवा मग चूल सोडून, काम सोडून तिच्या अगदी जवळ जाऊन बसे आणि कान तिच्या ओठांशी नेई. तिच्या उरलेल्या आयुष्याचं तेच काम झालं.

तात्पर्य: लोकांनी पाहावं म्हणून जपलेली शालीनता हाही एक दागिनाच, देवाला आवडणारं अंतरीचं सौंदर्य दुसऱ्याची हाक ऐकतं.